‘व्होल्टेजमुळे गेला’ म्हणे!

बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू उघडून ती का बंद पडली हे शोधणं, हे माझं पोटापाण्याचं काम. गेली बरीच वर्षं जळके बोर्डच बघतोय. म्हणून हे लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात गावाहून मामीचा फोन. "अरे, फ्रिज बंद पडला. वॉरंटी आहे, पण तो पोरगा म्हणतो व्होल्टेजमुळे गेला, कंपनी देत नाही. बोर्डाचे पैसे भरा." पोरगा पाच मिनिटं थांबला होता. मीटरसुद्धा लावला नाही.

मी म्हटलं, मामी, जुना बोर्ड त्याला देऊ नकोस. माझ्याकडे पाठव.

आता बघा, व्होल्टेज खरंच चढलं असेल तर बोर्डावर खुणा राहतात. घरात 230 व्होल्ट येतात. लाइनचा न्यूट्रल तुटला की तेच 400 च्या आसपास जाऊ शकतात. अशा वेळी वीज आत येते तिथे बसवलेला व्हेरिस्टर, म्हणजे रंगीत चकतीसारखा छोटा भाग, तडकतो, काळा पडतो. काचेचा फ्यूज आतून काळवंडतो. मामीच्या बोर्डावर दोन्ही शाबूत. फुगला होता तो एक कपॅसिटर, तोही गरम होणाऱ्या रेझिस्टरला अगदी चिकटून बसवलेला. या कपॅसिटरचं साधं गणित आहे: तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. तो चार बोटं लांब बसवला असता तर फ्रिज आज चालू असता. यात मामीचा काय दोष?

कंपन्यांची बाजूही सांगतो. न्यूट्रल तुटून एकाच संध्याकाळी अख्ख्या आळीतले टीव्ही, पंखे, चार्जर गेलेले मी पाहिलेत. तिथे टीव्ही बनवणाऱ्याला धरणं अन्याय आहे, जाब वीज देणाऱ्यांना विचारायचा. पण त्यासाठीही आधी कारण कळायला हवं ना!

आणि कारण कंपनीला बहुतेकदा कळतंच हो. परत आलेले बोर्ड आमच्यासारखे लोक तपासतात, रिपोर्ट लिहितात, पुढच्या मॉडेलमध्ये तो भाग गुपचूप बदलला जातो. जुनं मॉडेल घेतलेल्या गिऱ्हाइकाला मात्र 'व्होल्टेज'. माझं म्हणणं एवढंच: वॉरंटी नाकारायची तर काय तपासलं, काय सापडलं, ते सहीनिशी लिहून द्यायचं. कायद्यानेच तशी सक्ती करावी.

तोवर आपण काय करायचं? जॉब शीटवर कारण लिहून घ्या. जळक्या बोर्डाचे फोटो काढा, पैसे भरून नवा घेतलात तर जुना मागून घ्या. पुरावा तोच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची, ही मेख आहेच. सात-आठ हजारांच्या बोर्डासाठी कोण भरणार?

मामीचा बोर्ड माझ्या टेबलावर पडलाय. माझा रिपोर्ट चालायचा नाही, मी भाचा पडलो. मामा म्हणतात, जाऊ दे. मामी म्हणते, तारखेला मी एकटी जाईन.