मुठीतली आगगाडी

माउथ ऑर्गन म्हटले की ‘शोले’तली (१९७५) ती कातरवेळ आठवते. पडद्यावर अमिताभ बच्चन, प्रत्यक्षात वाजवणारे भानु गुप्ता. हा बाजा हळव्या सुरावटींसाठीच आहे, अशी आपली समजूत तिथेच पक्की झाली. पण मुठीत मावणारे हे वाद्य ठेकाही धरते, आणि चांगला दणदणीत धरते!

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय मुलगा पोलिओने अंथरुणाला खिळला होता. त्या दिवसांत माउथ ऑर्गन हाच त्याचा सोबती. जवळून जाणाऱ्या आगगाड्या तो कान देऊन ऐके आणि बाज्यावर उतरवी. १९२७ मध्ये त्याने ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. साथीला ना ढोल, ना गिटार. तरी इंजिन सुटते, वेग घेते, शिटी देते!

यातली करामत श्वासाची. या दहा भोकांच्या बाज्यात श्वास आत घेतानाही सूर निघतो, बाहेर सोडतानाही. डावीकडची तीन-चार भोके एकदम ओठांत धरायची, श्वास तुटक आत-बाहेर करायचा आणि मध्येच जिभेने भोके झाकायची-उघडायची. नवशिके जोरात फुंकतात आणि दोन मिनिटांत दमतात. ठेका जोरावर नसतो, श्वास कुठे तोडला यावर असतो.

बेली नॅशव्हिलच्या रेडिओचा लाडका कलावंत झाला, पण १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून वाद पेटला आणि त्याला कमी करण्यात आले. पुढे तो बूटपॉलिशचे दुकान चालवून जगला. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत त्याचे नाव लागले ते २००५ मध्ये.

बाज्याला खरा दणका दिला शिकागोच्या लिटल वॉल्टरने. त्याने मायक्रोफोन आणि बाजा एकाच ओंजळीत घट्ट धरले व अॅम्प्लिफायर कुवतीबाहेर चढवला. आवाज फाटला, पण फाटून भरदार झाला. त्याचे ‘जूक’ (१९५२) ऐकाच.

मग इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथनेही तो हाती घेतला. ‘द विझार्ड’ची (१९७०) सुरुवातच ऑझी ऑस्बॉर्नच्या माउथ ऑर्गनने होते, आणि मागून आलेल्या अजस्र गिटारपुढे तो दबत नाही. मात्र फाटक्या आवाजात चार सूर एकदम काढले तर नुसता कालवा होतो. तिथे दोनच सूर पुरतात, आणि गिटार थांबेल त्या फटीत घुसायचे.