प्यादे देण्याआधी हिशेब



दर रविवारी वंदना आटोपली की आमच्या अमरावतीच्या वस्तीतील विहारात मुले बुद्धिबळाचा पट मांडतात. परवा अकोल्याहून मामाकडे आलेला नववीतला एक मुलगा तिथे हरला आणि रडवेला होऊन आम्हाला म्हणाला, "काका, पुस्तकात लिवलं तसंच म्या प्यादं देल्लं, तरी हारलो. मंग द्याचंच काहून?"

प्रश्न रास्त होता. त्याने खेळला होता 'किंग्ज गँबिट'. गँबिट हा शब्द मूळ इटालियन. कुस्तीत पायात पाय घालून पाडणे, म्हणजे आपल्या आखाड्यातली टांग.

डाव असा. दोघेही राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. दुसऱ्याच चालीला पांढरा राजाकडच्या उंटासमोरचे प्यादे दोन घरे सरकवतो आणि म्हणतो, घे मार! काळ्याने ते मारले की त्याचे मधले प्यादे बाजूला जाते. पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा होतो. पुढे किल्लेकोट केला की हत्तीला काळ्या राजाच्या अंगावर जायची वाट उघडते. खर्चात एक प्यादे, जमेत वेळ आणि वाट. पण त्याच प्याद्याने आपला राजा झाकलेला असतो. म्हणून बहुतेक खेळाडू लगेच घोडा बाहेर काढतात, म्हणजे काळ्या वजिराला बाजूने शह देता येत नाही. मिळालेला वेळ वापरला नाही, तर ते बलिदान नव्हे, निव्वळ नुकसान.

१८५१ साली लंडनमध्ये अँडरसन या जर्मन शिक्षकाने हाच गँबिट खेळून एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीरही देऊन टाकला आणि तेविसाव्या चालीला मात केली. समोरच्या किझेरित्स्कीने मारामारी पुष्कळ केली, पण त्याची बरीचशी मोहरी घरातच बसून राहिली. पुढे १९६० साली स्पास्कीने याच गँबिटने फिशरला हरवले. फिशरला ते इतके लागले, की पुढच्याच वर्षी हा गँबिट कसा मोडावा यावर त्याने लेख लिहिला.

आम्ही हे त्या मुलाला समजावत होतो, तोच दाराशी उभी असलेली त्याची मोठी बहीण हळूच म्हणाली, "प्यादं देल्लं, पन घोडा घरातच ठेवला ना यानं."

आम्ही चकित झालो. पोरीने नेमकी चूक पकडली होती. विचारले, "बाई, तू काय शिकते?" ती म्हणाली, "दहावी पास झाली. आता घरीच आहो. याच्या ट्यूशनची फी भरा लागते ना."

वाचकहो, आम्ही गप्प झालो. मायबाप वाईट नाहीत. रोजमजुरी करून पोरगा शिकवतात. पण हा कोणता गँबिट? पटावरचे प्यादे लाकडाचे असते, त्याला विचारावे लागत नाही. पोरगी लाकडाची नाही. शिवाय पटावर प्यादे शेवटच्या घरापर्यंत पोचले की त्याचा वजीर होतो. खेळाडू प्यादे देतो तेव्हा हा होऊ शकणारा वजीरही तो खर्चात मांडतो. आपण मात्र मुलीची शाळा सोडवताना हा हिशेबच करत नाही.

१९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. त्याच नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियात बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आपल्या अमरावतीनेही स्वप्निल धोपाडे यांच्या रूपाने ग्रँडमास्टर दिला आहे. बुद्धी वऱ्हाडात कमी नाही. कमी पडते ती पटावर बसायची जागा.

त्या दिवशी आम्ही मुलीला पटाशी बसवले. भावाविरुद्ध तिने तोच गँबिट खेळला, पण घोडा वेळेवर काढला. जिंकली. संध्याकाळी तिच्या मामाला घेऊन आम्ही अकोल्याला वडिलांना फोन लावला. अकरावीच्या प्रवेशाचे बोलणे सुरू आहे.

आपल्या घरी कोणाचे प्यादे दिले गेले आहे, हे या आठवड्यात जरा तपासा. आणि येत्या रविवारी विहारात पोरींनाही पाठवा. पट आमच्याकडे आहे.

जयभीम.