चित्रकलेचा तास विज्ञानाचाही आहे

कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की मी नववीच्या मुलांना पुस्तक मिटायला सांगते. दिसतंय तेच काढा. मग प्रश्न येतो, "बाई, केंद्रक कडेला का सरकलंय?" पेशीच्या मधोमध मोठी रिक्तिका असते, म्हणून. पुस्तकातली आकृती प्रयोगवहीत उतरवणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश संशोधकाला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांनी वैद्यकाकडे वळवलं. इटलीच्या कामिलो गोल्जींनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराची रंगपद्धत प्रसिद्ध केली होती. तिने मेंदूच्या पातळ कापात मोजक्याच पेशी काळ्याभोर उठून दिसतात. गोल्जींना त्यात अखंड जाळं दिसलं. काहाल निरखत राहिले, रेखाटत राहिले आणि चेतापेशी सुट्या, स्वतंत्र असतात या निष्कर्षाला पोचले. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. काहाल यांनी १८९९ मध्ये काढलेलं कबुतराच्या अनुमस्तिष्कातल्या पुर्किंजे पेशींचं चित्र जरूर पाहा. वर फांद्यांचा दाट पसारा, खाली एकच बारीक तंतू. रेघ कुठे जाड, कुठे विरळ, हे ठरवताना त्यांचा हात विचारच करत होता, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास सर्वांत आधी गणिताला जातो. मुख्याध्यापकांनो, तो तास काढून घेऊ नका. आणि विज्ञानाच्या शिक्षकांनो, आकृतीला गुण देताना पुस्तकाशी नाही, काचपट्टीशी ताडून पाहा.