बाहेर कुठून निघणार, बॉस?

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर उनस्टाड नावाचं एक टिल्लू गाव आहे. आर्क्टिक सर्कलच्याही वर! आणि तिथे चक्क सर्फिंग चालतं. जाड वेटसूट, हातमोजे, डोक्यावर हूड... आणि समोर पॉइंट ब्रेक. म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकाला वळसा घालत, एकाच दिशेनं फुटत जाणारी लाट. पडलात तर खाली दगड. वाचूनच हुडहुडी भरली ना?

आता सांगलीत या. इथे समुद्र नाही, पण आयर्विन पूल आहे. 1929 सालचा. कृष्णा फुगली की पुलावरून पुरात उडी मारायची, ही इथल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांची जुनी खोड. ना बोर्ड, ना वेटसूट. आणि लाट? ती येते सातारा जिल्ह्यातून. महाबळेश्वरात पाऊस कोसळतो, कोयना धरणाचे दरवाजे उघडतात, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला भिडते आणि ते सगळं पाणी आयर्विनखाली येतं. सर्फर समुद्रातल्या वादळाची बातमी काढतो, सांगलीकर कोयनेचा विसर्ग विचारतो. होमवर्क सेम!

बघणाऱ्याला वाटतं, सगळं थ्रिल हवेतल्या त्या दोन सेकंदांत आहे. छे! खरा खेळ नंतरचा. प्रवाहाशी कुस्ती खेळायची नाही. त्याच्यासोबत वाहत, तिरकं पोहत काठ गाठायचा. कुठे बाहेर निघायचं, हे उडीच्या आधीच ठरलेलं हवं. भोवरा कुठे, बुडालेलं झाड कुठे, हे वर्षानुवर्षं त्याच घाटावर पोहून कळतं. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मित्रांच्या शिट्ट्यांनी नाही.

आयर्विनजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. नदी तीच. पण तेव्हा ती खेळाच्या मूडमध्ये नव्हती.

लांबून आलेला सर्फरही लाटा नीट दिसल्या नाहीत, तर गाडीवरचा बोर्ड न उतरवता परत फिरतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. म्हणूनच पावसाळ्यातल्या वीकएंडला गावी गेलात आणि पुलावर कुणी ‘घाबरलास काय लेका?’ म्हणून डिवचलं, तर एकच विचारा, ‘बाहेर कुठून निघायचं, ते दाखव.’

उत्तर येईपर्यंत चहा मागवा. मस्तपैकी दोन कप होतील!