नेमबाजी शिकायचीय? आधी रायफल नको, प्रशिक्षक हवा

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक जिंकले. असे यश पाहून मुलाला नेमबाजीला घालणाऱ्या कोल्हापूरकर पालकांचा पहिला प्रश्न असतो, रायफल केवढ्याला? खरे तर तो नंतरचा प्रश्न आहे.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ट्रिगर हळू दाबण्याऐवजी झटकला किंवा खांदा जरा आखडला, तरी छर्रा भरकटतो. नेमबाजाचा डोळा लक्ष्यावर असल्याने स्वतःची चूक त्याला दिसत नाही; शेजारी उभ्या प्रशिक्षकाला दिसते. मोबाइलवरच्या व्हिडिओत योग्य पवित्रा कळतो, आपला कुठे बिघडतोय ते कळत नाही. आणि घोटून पक्की झालेली चूक मोडायला दुप्पट कष्ट पडतात. वस्ताद कशाला लागतो, हे तालमींच्या गावाला सांगायला नको. खुद्द स्वप्नीलने ऑलिम्पिकपर्यंत दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन सोडले नाही.

म्हणून सुरुवातीला रेंजवरचीच रायफल वापरावी, पैसे शिकवणीवर घालवावेत. छर्रा न भरता केलेला सराव कंटाळवाणा वाटतो, पण हात त्यानेच स्थिरावतो. तोही प्रशिक्षकासमोरच करावा. गुण मोजण्याची घाई नको; आधी छर्रे एकाच जागी पडतात का, ते पाहावे. एका जागी पण बाजूला पडत असतील, तर साइट फिरवून भागते. विखुरले असतील, तर पुन्हा पवित्र्यापासून सुरुवात.