सहल परदेशी, सवयी घरच्या

परदेश सहल ही आता मूठभर धनिकांची मक्तेदारी राहिलेली नाही. जळगावच्या सुवर्णबाजारातील व्यापारी, धुळ्यातील डॉक्टर-प्राध्यापक आणि निवृत्तीची रक्कम हाती आलेले नोकरदारही युरोप-जपानची वाट धरू लागले आहेत. मात्र पै-पै करून साठविलेल्या या पैशाला गळती लागते, ती बहुतेकदा घरून बरोबर नेलेल्या सवयींमुळे. रोकड आणि रेल्वे या दोन बाबतींत हे विशेष जाणवते.

रोकडीचा भरवसा

खान्देशी माणसाचा विश्वास खिशातील नोटांवर. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये परदेशी रक्कम पाठविण्याची उदार योजना आणली, तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. आज ती प्रतिव्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. पण नोटांच्या स्वरूपात बहुतेक देशांत एका प्रवासाला तीन हजार डॉलरच नेता येतात. उरलेली रक्कम कार्डावर न्यावी लागते. परकी चलन घेताना ५० हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने भरता येत नाही, याचीही अनेकांना कल्पना नसते.

कार्डाचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू असते. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यायचा असतो. ते राहून गेले, तर झुरिचच्या तिकीट यंत्रासमोर उभे राहून जळगावच्या शाखेला दूरध्वनी करण्याची वेळ येते. परदेशी दुकानातील यंत्र ‘रुपयांत भरणार की स्थानिक चलनात’ असे विचारते, तेव्हा ओळखीचा रुपया जवळचा वाटतो. प्रत्यक्षात तो दर यंत्रामागच्या कंपनीने स्वतःचा नफा धरून ठरविलेला असतो. अशा वेळी स्थानिक चलन निवडणेच हिताचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ‘यूपीआय’ सुरू झाले खरे. पण त्यावरून युरोपातील प्रत्येक खिडकीवर ते चालेल असे समजणे महागात पडेल. परतल्यावर दोन हजार डॉलरपर्यंतचे चलन जवळ ठेवता येते. उरलेले १८० दिवसांत बँकेला परत द्यावे लागते.

तिकीट वेगळे, आसन वेगळे

धुळेकर चाळीसगाव गाठून मुंबईची गाडी पकडतो, तेव्हा निश्चित झालेल्या तिकिटावरच डबा आणि आसन क्रमांक असतो. युरोपात प्रवासाचा हक्क आणि बसण्याची जागा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हजारो रुपयांचा युरेल पास घेतला, तरी फ्रान्सच्या टीजीव्ही, युरोस्टार वा इटलीच्या अतिवेगवान गाड्यांत आसनासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. स्वित्झर्लंडचा पास गाड्या, बस आणि बोटींवर चालतो. परंतु भारतीयांच्या आवडत्या युंगफ्राऊयोखच्या अखेरच्या टप्प्यात तो केवळ सवलत देतो. इटलीच्या प्रादेशिक गाड्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रावर उमटवून घ्यावे लागते. अन्यथा खरेदी केलेले तिकीट असूनही दंड होतो.

‘पास म्हणजे स्वस्त’ हे समीकरणही आता डळमळीत झाले आहे. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५० हजार येनवर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन साध्या तिकिटाला सुमारे २८ हजार येन लागतात. केवळ ही दोन शहरे पाहणाऱ्याने पास घेतला, तर तो तोट्यातच जाईल.

पॅकेजची सावली

या कटकटींपेक्षा पॅकेज बरे, असे म्हणणारे पुष्कळ. परंतु तेथेही कर आहे. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर पाच टक्के आगाऊ कर घेतला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरील रकमेस २० टक्के दर लागू झाला, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात हा दर सरसकट दोन टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. हा कर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. मात्र ज्यांना एरवी करच लागू होत नाही, अशा निवृत्तांनी विवरणपत्र भरले नाही तर ती रक्कम सरकारजमाच राहते. पॅकेज विकणारा हे आवर्जून सांगेलच असे नाही.

यावर उपाय अवघड नाही. परकी चलन देणाऱ्या बँक शाखांनी या नियमांचे एक पानी मराठी पत्रक ग्राहकाच्या हाती द्यावे आणि सहल आयोजकांनी गाडीचे आसन, पर्वतीय रेल्वे व कर यांचा समावेश आहे की नाही, हे बाबवार लिहून द्यावे. ग्राहकानेही ते मागितल्याखेरीज आगाऊ रक्कम भरू नये. धुळ्याहून जाणाऱ्या मनमाड-इंदूर लोहमार्गाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो मार्ग पूर्ण होईल तेव्हा धुळेकर मुख्य मार्गाला जोडला जाईल. सीमेपलीकडच्या प्रवासासाठी लागणारी माहिती मात्र त्याला घरबसल्या, निघण्यापूर्वीच मिळवावी लागेल.