‘गाडी पुसायला माणूस लावलाय’

"तुझी गाडी कोण धुतं रे?" हा प्रश्न आयटीतल्या कुठल्याही मित्राला विचारून बघा. उत्तर ठरलेलं: "माणूस लावलाय."

वाक्यरचना बघा मंडळी. माणूस 'लावलाय'. गिझर लावतात, एसी लावतात, तसा. पुढे विचारलं की नाव काय त्याचं, तर "अरे तो... तो येतो ना सकाळी, सगळ्या बिल्डिंगच्या करतो." संपलं! बारा-पंधरा लाखांची गाडी, पाच-सात वर्षांचा ईएमआय, बुकिंग करायच्या आधी सहा महिने रिव्ह्यू वाचून आणि व्हिडिओ बघून डोळे लाल केलेले. आणि त्या गाडीला रोज हात लावणाऱ्या माणसाचं नाव माहीत नाही, त्याच्या बादलीत काय असतं ते माहीत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपली गाडी आपण धुवावी. आठवड्यातून एकदा, स्वतःच्या हातांनी, पार्किंगमध्ये, चारचौघांसमोर. "वेळ कुठे आहे", "पाणी कुठे आहे", "मग त्या गरिबाच्या पोटाचं काय" हे तिन्ही प्रश्न मला माहीत आहेत. एकेक करून घेऊ.

पण आधी रंगाचं बघू. आपण इंजिनियर लोक, आकडे दिसल्याशिवाय आपल्याला काही पटत नाही.

गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. गंज धरू नये म्हणून सगळ्यात खाली इलेक्ट्रोकोट, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास. त्यात क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरतात. म्हणजे शोरूममध्ये ज्या चकाकीवर आपण भाळलो, तो सगळा खेळ केसाहून पातळ थरावर चाललेला असतो.

आता दुसरी बाजू. मी पुण्यात राहतो. इथे दर दोन गल्ल्यांआड रिडेव्हलपमेंट चालू आहे, कुठे पूल होतोय, कुठे रस्ता पाचव्यांदा खणलाय. गाडीवर जी धूळ बसते त्यात वाळूचे कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्जच्या कठीणपणाच्या पट्टीवर ७ ला बसतं. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर चरा पाडतो, तो क्लिअर कोटचं काय करत असेल?

काहीच करत नाही. नुसता बसून असतो. जोपर्यंत कुणी फडकं घेऊन त्याला रंगावर घासत नाही तोपर्यंत!

आणि नेमकं हेच रोज सकाळी होतं. एक बादली, एक पिवळं फडकं, वीस गाड्या. पहिली गाडी नशीबवान. दहाव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी अमृततुल्यच्या चहासारखं दिसायला लागतं. तुमची गाडी सतरावी असेल तर सोळा गाड्यांची वाळू त्या फडक्यातून तुमच्या बॉनेटवर गोल गोल फिरते. महिन्याचे २६ दिवस धरले तर वर्षाला ३१२ वेळा. पाच वर्षांचा ईएमआय फिटेपर्यंत दीड हजारांहून जास्त वेळा. मग एखाद्या दुपारी उन्हात गाडी उभी असताना बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात आणि आपण कंपनीच्या नावाने खडे फोडतो, "हल्ली रंगच हलका देतात हो!" (ते चरे खरं तर सगळ्या दिशांनी असतात. प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळ दिसतं.)

यात त्या माणसाचा दोष किती? माझ्या मते शून्य. 'रोज पुसलेली पाहिजे' ही रिक्वायरमेंट कुणाची? आपली. पावणेतीन तासांत वीस गाड्या, म्हणजे गाडीला आठ मिनिटं. क्लायंटने आपल्याला असं एस्टिमेट दिलं असतं तर आपण मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन रडलो असतो. त्याला मात्र म्हणतो, "आज काच नीट पुसली नाहीस."

मुळात गाडी पुसणं आणि गाडी धुणं ही दोन वेगळी कामं आहेत. धूळ आधी पाण्याने सुटायला हवी, वाहून जायला हवी, मग हात लागायला हवा. क्रम उलटा झाला की ते धुणं नाही, सँडपेपर मारणं आहे.

नीट धुवायला लागतं काय? दोन बादल्या, कार शॅम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा, चाकांसाठी वेगळं फडकं आणि कोरडं करायला मायक्रोफायबरचा एक मोठा टॉवेल. भांड्यांचा लिक्विड सोप नको, तो तेलकटपणा काढायलाच बनवलाय, गाडीवरचं वॅक्सही सोबत घेऊन जातो. गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. आधी नुसतं पाणी टाकून सुटी धूळ उतरवा. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून घ्या, मग परत शॅम्पूत. टपापासून सुरुवात करून खाली या, कारण सगळ्यात जास्त माती खालच्या कडेला असते. चाकं वेगळ्या फडक्याने, त्यावर ब्रेकचा लोखंडी चुरा असतो. हातातलं फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवशी बाद. मग लगेच कोरडी करा, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. ते पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि उन्हात पक्के होतात. झालं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. रविवारी सकाळी आपण तेवढा वेळ मोबाईलवर अंगठा फिरवण्यात घालवतो, त्यामुळे वेळेचा मुद्दा मी इथेच निकालात काढतो :)

आता पाणी. साध्या नळाला पाइप लावला तर मिनिटाला दहा-बारा लिटर सहज जातं. वीस मिनिटं पाइप चालू म्हणजे दोनशे लिटरच्या वर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका धुण्यात एका माणसाच्या दिवसाच्या पाण्याहून जास्त पाणी गटारात! बंगळुरूच्या जलमंडळाने मार्च २०२४ मध्ये गाड्या धुवायला पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला होता. उन्हाळ्यात पुण्याच्या सोसायट्यांसमोर लागणारी टँकरची रांग बघितली की आपण फार लांब आहोत असं मला वाटत नाही. पण दोन बादल्या आणि वर चार-सहा तांबे धरले तर काम चाळीस लिटरच्या आत होतं. सोसायटीत तेवढंही चालत नसेल तर रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. आठ-दहा लिटर पाण्यात थोडंसं टाकायचं, धुळीचे कण त्यात गुरफटून सुटतात, वरून पाणी ओतावं लागत नाही. गाडी फारच चिखलाने माखलेली नसेल तर अख्खी गाडी एका बादलीत होते. तेव्हा पाण्याचा मुद्दा पाइपवाल्यांना लागू आहे, बादलीवाल्यांना नाही.

"कशाला एवढी कटकट? मी सिरॅमिक कोटिंग करून घेतलंय. ९एच!" हेही एक हल्लीचं.

फर्स्ट इयरला इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या तासाला २एच पेन्सिल घेऊन बसायचो, आठवतंय? तोच हा 'एच'. ९एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिलीनेही चरा पडत नाही, एवढंच. पेन्सिल असते ग्राफाइट आणि मातीची. आपल्या रस्त्यावर पेन्सिली उडत नाहीत, वाळू उडते. कोटिंग वाईट नाही. पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण तो मायक्रॉनच्या हिशेबातला थर आहे, चिलखत नाही. धुणं त्याने सुटत नाही. आठ-दहा हजारांपासून पुढे कितीही पैसे मोजून कोटिंग करायचं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर तेच पिवळं फडकं फिरू द्यायचं, याला काय म्हणावं? आणि 'चरे घालवून देतो' म्हणत जे मशीन पॉलिश करतात ते चरे भरत नाहीत, आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या पातळीला आणतात. केसाहून पातळ थर किती वेळा घासणार?

आता मुद्दा रंगाच्या पलीकडचा. गाडी स्वतः धुणारा माणूस गाडी बघतो. टायरच्या बाजूला आलेला फुगा हात फिरवताना लागतो. तो फुगा घेऊन एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगाने जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. वायपरच्या मुळाशी, काचेखालच्या जाळीत अडकलेला पाचोळा दिसतो. तो काढला नाही तर पावसाळ्यात पाण्याची वाट बंद होते आणि पाणी केबिनमध्ये उतरू शकतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की आत पाणी साचतं आणि गंज आतून सुरू होतो. खाली पडलेला ऑइलचा थेंब, उंदराच्या लेंड्या, खिळा. गाडीमागे आठ मिनिटांत वीस गाड्या उरकणाऱ्याने हे बघावं अशी अपेक्षा करणंच चूक आहे. डॅशबोर्डवर दिवा लागेल तेव्हा कळेल, असं म्हणणारी आपली पिढी. टायरच्या फुग्याला दिवा नसतो.

मग आपण हे का करत नाही? वेळ, पाणी ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण सांगतो. लाज वाटते. पार्किंगमध्ये बर्म्युडा घालून, बादली घेऊन उकिडवं बसलेलं कुणी बघितलं तर? बघतातच. आमच्या शेजारचे एक काका मला बघून म्हणाले होते, "काय रे, पगार झाला नाही वाटतं या महिन्यात?" अस्सल पुणेरी. पण त्या विनोदात आपला सगळा समाज आहे. हाताने काम करतो तो पैसे नसलेला, हे आपण धरूनच चाललोय. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली, त्यांच्या नावाने आपण ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. खराटा मात्र दुसऱ्याच्या हातात बरा.

खंडेनवमीला भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. कामगार आधी आपलं लेथ स्वतः पुसतो, कोपऱ्यातला चुरा काढतो, तेल देतो, आणि मग हार घालतो. ज्या हाताने यंत्र वापरायचं त्याच हाताने साफ करायचं. आपण काय करतो? दुसऱ्याकडून पुसून घेतलेल्या गाडीला झेंडूचा हार घालतो आणि सेल्फी काढतो. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये कानस मारून हाताला फोड आले होते, त्यानंतर आपण हाताने केलेलं काम कुठलं? कीबोर्ड धरू नका.

राहिला शेवटचा आणि माझ्या मते एकमेव वजनदार प्रश्न. त्या माणसाचं काय? त्याला काढायचं का?

अजिबात नाही. हिशेब करू. महिना पाचशे रुपये धरा. २६ दिवस, रोज आठ मिनिटं, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन तास. त्याऐवजी त्याला सांगा, रोज येऊ नकोस, फक्त बुधवारी ये आणि अर्धा तास घेऊन नीट धू. महिन्याचे दोन तास झाले. पैसे तेच पाचशे. तासाचा दर १४४ वरून २५० वर गेला, आणि रविवारचं धुणं आपल्याकडे. शॅम्पू, बादल्या, टॉवेल आपले. फडकं बदललं की रंग वाचतो, बादली बदलली की त्याचे हात शेजारच्या सोळा गाड्यांच्या घाणीतून सुटतात. रोज पहाटे वीस गाड्यांपुढे धावण्याऐवजी तीन-चार गाड्या नीट करता येतात. आणि महत्त्वाचं म्हणजे दोन-तीन रविवार स्वतः वाकून धुतल्यावर कंबरेला कळतं की पाचशे रुपये कमी आहेत. ते कळल्यावर तुम्ही काय कराल ते तुमच्यावर.

हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडायला हरकत नाही. तिथे दोन तास व्हिजिटर पार्किंगवर भांडण्यापेक्षा बरं. पण ठराव होईल तेव्हा होईल, त्याआधी या रविवारी बादली घेऊन खाली उतरा. लोक काय म्हणतील? दोन रविवार हसतील, तिसऱ्या रविवारी विचारतील, "शॅम्पू कुठला वापरतोस रे?"

आणि हो, उद्या सकाळी त्याला नाव विचारा.